समुद्रात एकट्याने पोहणं बंद करू का?

जांभा (धागाकर्ता)

पुण्यात अकरा वर्षं तरणतलावात पोहत होतो. आठवड्यातून चार दिवस, एक किलोमीटर, पंचवीस मिनिटं. वेग बेताचाच, पण दम बरा आहे असा माझा समज होता. दोन वर्षांपूर्वी घरून काम करायची सोय झाली आणि गावी आलो. गाव देवगड आणि मालवणच्या मधे, घरापासून पुळण (वाळूचा किनारा) सात मिनिटांवर. तेव्हापासून ऑक्टोबर ते मे रोज सकाळी समुद्र. एकटाच. गावात पोहता येणारे शंभर तरी असतील, पण व्यायाम म्हणून पोहणारा वेडा मी एकच. मासेमारीवाले म्हणतात, आम्ही पाण्यात पडलो तर पोहतो, मुद्दाम कशाला पडू?

गेल्या संकष्टीची गोष्ट. (तिथी लक्षात आहे कारण आईचा उपास होता, साबुदाणा रात्रीच भिजत घातला होता.) साडेसहाला पाण्यात शिरलो. वारा नाही, लाट जेमतेम गुडघ्याएवढी. माझा बेत ठरलेला असतो. किनाऱ्याला धरून दक्षिणेला खडपांपर्यंत, म्हणजे पाण्यातल्या खडकांपर्यंत, जायचं आणि परत फिरायचं. खडपांपलीकडे खाडीचं तोंड आहे, तिकडे मी जात नाही. दर दहा-बारा हातांनी मान वर काढून सुरूचं बन बघतो, म्हणजे कुठवर आलो ते कळतं.

त्या दिवशी सुरू भराभर संपले. मला वाटलं, आज काय हात चालतोय! खूश होऊन दोन मिनिटं जास्तच गेलो. मग वळलो. किनाऱ्यावर निळी ताडपत्री टाकलेली एक होडी होती, ती समोर धरून पोहायला लागलो. बरंच पोहलो, मान वर काढली, ताडपत्री समोरच. आणखी पोहलो. ताडपत्री आता पुढे गेलेली. म्हणजे मी मागे चाललो होतो.

घाबरलो, खोटं कशाला सांगू. छाती धडधडायला लागली, एक घोट खारं पाणी पोटात गेलं आणि हात आखडले. शेवटी उताणा झालो आणि आकाशाकडे बघत पडून राहिलो, कारण दुसरं काही जमतच नव्हतं. त्यानेच वाचलो असं आता वाटतं. पाण्याने मला खाडीच्या तोंडासमोरून बाहेर नेलं, तिथे पुढे ओढ सैल झाली, मग तिरका तिरका पोहत पलीकडच्या गावाच्या पुळणीवर लागलो. तिथून पुलावरून घरी, अनवाणी, फक्त पोहायच्या चड्डीवर, साडेपाच किलोमीटर. एसटीतल्या लोकांनी खिडकीतून बघून घेतलं.

घरी पोचलो तेव्हा आई म्हणाली, "आज उशीर झाला?" बस. पाण्यापेक्षा हे मला जास्त लागलं. पावणेतीन तास मी गायब होतो आणि मी गायब आहे हे जगात कोणालाही ठाऊक नव्हतं.

तर प्रश्न असा. एकट्याने पोहणं बंद करू, की काही व्यवस्था लावून चालू ठेवता येईल? जोडीला पोहणारा कोणी मिळणार नाही हे धरून सांगा.

घाटावरचा

बंद करा. जीव मोठा की हौस? घरी आई आहे तुमची.

सुकट_बोंबील

उताणे पडलात म्हणून हा धागा आम्हाला वाचायला मिळाला. बाकी जाणकार येतीलच. तोवर मी चहा टाकतो.

दर्यावर्दी

संकष्टी म्हणालात तिथेच अर्धं उत्तर आलं. पाऊणकीचा पाढा येतो का? चार पाऊणे तीन. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी भरायची वेळ निघते, हे आमच्याकडे शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसालाही येतं. चतुर्थीला पहाटे तीनच्या सुमारास भरती भरली. तिथून सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं, म्हणजे सव्वानऊला पुरी सुकती, तुमची ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरा.

तुम्ही उतरलात साडेसहाला. भरती भरून साडेतीन तास झालेले. आता पाणी सहाही तास सारखं उतरत नाही. पहिल्या तासात नुसतं कूस बदलतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी निघून जातं. शेवटी परत सुस्त. म्हणजे तुम्ही नेमके ऐन उतारात, आणि तेही खाडीच्या तोंडाशेजारी. त्यात पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो. खाडीत मैलोन्मैल आत शिरलेलं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं. तिथे आमची इंजिनाची होडीसुद्धा कण्हते, तुमचे दोन हात काय करणार?

माझे आजोबा तांडेल होते, होडीवरचे मुख्य. ते म्हणायचे, "सुकतीच्या पाण्यात खाडीच्या तोंडाक जाव नको. गेलंसच तर माघारी येवची घाई करू नको." दुसरं वाक्य तुम्ही नकळत पाळलंत.

पोहायचंच असेल तर अष्टमी ते एकादशी बघा, शुद्ध किंवा वद्य. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सकाळी सहाला पाणी भरलेलं आणि भांगाचे दिवस असल्याने चढउतारही कमी. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे तुमच्या वेळेला पाणी अजून किनाऱ्याकडे येतंय. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, तेही बघा, पण कालनिर्णय भिंतीवर आहेच की.

जांभा

दर्यावर्दी, दोन वर्षं मी लाटा बघून उतरायचो. तिथी बघायची असते हे कोणी सांगितलंच नाही. म्हणजे मीच विचारलं नाही. काल शाळेतली पाऊणकी आठवत बसलो होतो, आईला वाटलं मला कसला तरी ताप चढलाय.

शिट्टी

मी वीस वर्षं मुलांना पोहायला शिकवतो. मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे पोरं घेऊन येतो. थोडं सविस्तर लिहितो.

तलावातल्या एक किलोमीटरची समुद्रात किंमत वेगळी. पंचवीस मीटरच्या तलावात तुम्ही चाळीस वेळा भिंतीला हात लावता, एकोणचाळीस वेळा पायाने ढकलून निघता. ती सगळी फुकटची विश्रांती आहे. समुद्रात भिंत नाही, तळाची रेघ नाही, आणि नाकपुड्यांपाशी पाणी हलतं.

जांभा यांना ओढलं ते खाडीच्या उतारानं. पण खाडी नसलेल्या सरळ किनाऱ्यावरही ओढ असते, तिला रिप करंट म्हणतात. लाटा फुटून जे पाणी किनाऱ्यावर चढतं ते परत जायला वाट शोधतं. वाळूच्या बांधात जिथे खिंड असेल तिथून ते एकवटून बाहेर पळतं. लांबून ओळखायची खूण म्हणजे आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा काळसर, सपाट, बिनफेसाचा. नवखा माणूस बरोबर तिथेच उतरतो, कारण तिथे लाट मारत नाही! पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं उंचवट्यावर उभं राहून नुसतं बघा. मी पोरांना चड्डी बदलायच्या आधी हे करायला लावतो.

ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचा विश्वविक्रम ४६.४० सेकंदांचा झाला. म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूससुद्धा जीव तोडून सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आतच. जांभा यांचा हिशेब सेकंदाला पाऊण मीटरही भरत नाही. तेव्हा ओढीशी झुंजायचंच नाही. ती आत बुडवत नाही, बाहेर नेते. "समुद्राने आत ओढलं" म्हणतात ते थकून बुडाल्यावरचं. तरंगत राहा, एक हात वर करा, ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर सरका आणि लाटा जिथे फुटताहेत तिथून बाहेर या. लाट तिथे तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलते.

काशीद, गणपतीपुळे असल्या उताराच्या पुळणींवर आणखी एक. चार पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला लागतं आणि परत फिरणारी लाट पायाखालची वाळूच काढून नेते. तिथे पोहणाऱ्यापेक्षा फोटो काढणारा जास्त धोक्यात.

एकांडा

सगळं मान्य. पण एक बाजू कोणी मांडत नाही. मी बारा वर्षं एकटा पोहतोय, कारण एकटं पोहण्यातच सुख आहे. दिवसभर माणसं, फोन, मीटिंगा. ती एक तासाची शांतता कोणाच्या सोबतीने मिळत नाही. आणि सोबत असली म्हणजे सुरक्षित हे कोणी ठरवलं? १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याच्या सहलीतली चौदा मुलं गेली. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीला बेळगावची आठ. दोन्हीकडे घोळक्याने होती. एकटं कोणीच नव्हतं.

दर्यावर्दी

वायरीचं नाव काढलंत. मी त्या आठवड्यात मालवणात होतो. बाजारात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढंच लिहितो.

पण एकांडा, त्यावरून तुम्ही काढता तो निष्कर्ष उलटा आहे. घोळका पाण्यात असला म्हणजे सोबत होत नाही. एक बुडायला लागला की दुसरा हात द्यायला जातो, बुडणारा त्याच्या मानेला मिठी मारतो, तिसरा त्या दोघांना धरायला जातो. सोबत म्हणजे बाहेर राहणारा माणूस. कोरडा, शुद्धीत, आणि पाण्याकडे बघणारा. आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतो तेव्हा निम्मी माणसं पुळणीवरच असतात ना? दोराचं दुसरं टोक कोणीतरी जमिनीवर धरावं लागतं.

शिट्टी

अगदी हेच. इंग्लिश खाडी पोहणारे किंवा आपल्याकडे धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटर पोहणारे, एकटे पोहतात की नाही? पोहतात. पण शेजारी बोट असते, बोटीवर निरीक्षक असतो, ठरल्या वेळी खायला देतात. पुण्याच्या रोहन मोरेंनी २०१८ मध्ये जगातल्या सात खाड्या-सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या, त्यांच्याही शेजारी बोट होतीच. एवढ्या तयारीचा माणूस सोबतीशिवाय जात नाही आणि आपण टॉवेल दगडाखाली ठेवून निघतो.

एकांडा, तुमची शांतता कोणी हिरावत नाहीये. किनाऱ्यावर बसलेला माणूस तुमच्याशी गप्पा मारायला पाण्यात येणार नाही.

मोगरी

बायकांच्या बाजूने लिहिते, कारण वरच्या सगळ्या सल्ल्यांत "पहाटे निर्मनुष्य किनाऱ्यावर" हे गृहीत आहे.

मी रत्नागिरीची. पोहणं आजोळच्या विहिरीत शिकले, कमरेला सुकडी बांधून. (सुके भोपळे हो, आताची थर्मोकोलची नव्हे.) समुद्रात जायचं तर मला पाण्याची भीती नंतर, आधी किनाऱ्यावरच्या माणसांची. कोणी नसलं तरी भीती आणि चार टोळभैरव असले तरी भीती. म्हणून बऱ्याच जणी पूर्ण कपड्यांत उतरतात. ओला पंजाबी ड्रेस आणि ओढणी पायात अडकली की किती जड होते ते एकदा बादलीत भिजवून उचलून बघा. कंबरभर पाण्यातही उभं राहता येत नाही. आम्ही आता पाचजणी मिळून जातो, पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख घालून, आणि पाचांतली एक पाळीपाळीने बाहेर. जिची पाळी बाहेरची ती शिट्टी गळ्यात घालून बसते. आणि मोबाइल बघायचा नाही, हा नियम मीच केला आणि मीच एकदा मोडला. फारतर दोन मिनिटं खाली बघितलं असेन. वर बघितलं तर चारातली तीनच डोकी. चौथी लाटेआड होती, दोन सेकंदांत दिसली. पण ते दोन सेकंद अजून पोटात गोळा आणतात.

सुकट_बोंबील

चहा झाला. अवांतर प्रश्न. ते भगवे फुगे कमरेला बांधून पोहतात, त्याचा उपयोग असतो की नुसतं फॅड?

शिट्टी

उपयोग आहे. पाण्यात तुमचं फक्त डोकं दिसतं, तेही काळं. उन्हाच्या तिरिपेत शंभर फुटांवरून दिसत नाही. फुगा दिसतो. दमलात तर त्यावर हात टाकून श्वास घेता येतो. पण ते लाइफ जॅकेट नव्हे, बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवत नाही.

दर्यावर्दी

आमच्याकडे त्याचा वेगळाच फायदा. भगवं काही तरंगताना दिसलं की होडीवाला जाळ्याचा बोया समजून लांबून वळसा घालतो. तुमच्यावर नाही, स्वतःच्या इंजिनाच्या पंख्यावर माया म्हणून! बाकी पर्यटकांचे ते पाण्यावरचे स्कूटर चालवणारे वळसा घालतील याची खात्री मी देणार नाही. मोसमात दुपारी त्यांच्या पट्ट्यात पोहूच नका.

आणि जाळ्यांचं सांगायचं राहिलं. पुळणीपासून थोडं आत पहाटे जाळी टाकलेली असतात. पाय अडकला तर लाथा झाडू नका, गुंता वाढतो. श्वास घ्या, खाली हात घाला, सोडवा. आदल्या संध्याकाळी बंदरावर विचारलंत की आज कोणाची जाळी कुठे आहेत ते कोणीही सांगेल. तेवढ्यात ओळखही होते.

एकांडा

फुगा घेतो. हा शेवटचा समझोता.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, किनाऱ्यालगत प्रॅक्टिस. तीन गोष्टी, पहिली सगळ्यांत महत्त्वाची.

तारकर्लीकडे आता पाण्याखालचे मासे बघायचं वेड वाढलंय, त्यात श्वास रोखून बुडी मारणारे बरेच. बुडीआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात, जास्त प्राणवायू साठेल म्हणून. प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घे असं शरीराला सांगणारी घंटा तोच वाजवतो. घंटा वाजतच नाही, माणूस मजेत खाली राहतो आणि प्राणवायू संपला की कुठलीही सूचना न देता बेशुद्ध होतो. तरुण, तगडे, उत्तम पोहणारे असेच जातात. शेजारी कोणी असेल तर वर ओढायला काही सेकंद पुरतात. एकट्याला ते काही सेकंद कोणी देत नाही. समुद्रात काय, विहिरीतही हे एकट्याने करू नका.

दुसरी, बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर हाक कुठून मारणार? डोकं मागे, तोंड उघडं, हात आडवे पाण्यावर दाबल्यासारखे, आणि पुढे सरकत नाही. हे दिसलं की दोर, बांबू, तेलाचा पाच लिटरचा रिकामा बूच लावलेला कॅन, जे हाताशी असेल ते फेका. असा कॅन छातीशी धरला तर मोठ्या माणसाचं तोंड वर राहतं.

तिसरी, बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका, खांद्यावर घेऊन पळू नका. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. पोटातलं बाहेर येऊन फुप्फुसात जातं आणि हातची मिनिटं वाया जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. बुडालेल्याला श्वासाची गरज आधी असते. १०८ ला कोणीतरी दुसऱ्याने फोन करावा. आणि शुद्धीवर आलेला "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्या, खोकला-धाप काही तासांनीही सुरू होते.

दर्यावर्दी

नंबरांत भर. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. पण होडी आधी पोचते ती शेजारच्या बंदरातलीच. दोन होडीवाल्यांचे नंबर मोबाइलमध्ये असू देत, स्वतःच्या नाही, घरच्यांच्या.

घाटावरचा

मी पहिल्याच प्रतिसादात बंद करा म्हणालो होतो. शब्द मागे घेत नाही, पण धागा वाचून माझ्या पोराला गणपतीपुळ्याच्या सहलीला पाठवण्याआधी तो काळसर पट्टा प्रकार समजावून सांगितला. त्याच्या वर्गाच्या ग्रुपवरही टाकला.

मतलई

उशिरा आलो. थंडीतल्या सकाळी समुद्र ताटासारखा सपाट का असतो हे कोणी लिहिलं नाही. तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, मतलई. लाट दबते, उतरायचा मोह होतो, पण तोच वारा हलक्या वस्तूला बाहेर नेत असतो. हवेच्या रबरी ट्यूबवर पोरं बसवून फोटो काढणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो. ट्यूब गेली तर जाऊ द्यावी, तिच्यामागे पोहत जाऊ नये. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की उलट. उन्हाळ्यात आणखी एक, इथे वाऱ्याची झुळूक नसताना दूर दक्षिण महासागरातल्या वादळाची फुगलेली लाट आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळते. हैदराबादचं इन्कॉइस, समुद्राचे अंदाज देणारं सरकारी केंद्र, त्याचा इशारा देतं. तो असेल तर तिथी कितीही चांगली असो, घरी बसा.

जांभा

महिन्याने लिहितोय. व्यवस्था लागली.

पुळणीच्या वाटेवर एक काकू सहा वाजता चहाची टपरी उघडतात. त्यांना सांगितलं, मी चपला तुमच्या पायरीवर काढून जाईन. साडेसातपर्यंत चपला तिथेच दिसल्या तर या दोन नंबरांवर फोन करा. काकूंनी भिंतीवर खडूने नंबर लिहून घेतले आणि वर विचारलं, "आणि मी दुकान बंद ठेवलंय तर?" म्हटलं, मग मी पोहणार नाही. फुगा घेतला. खडपांच्या अलीकडे दोनशे पावलांवर एक वाकडा माड आहे, तिथून वळतो. तिथी बघतो. महिन्यातले अकरा दिवस सुटतात, त्या दिवशी टेकडी चढतो.

मग गेला गुरुवार. पाण्यातून बाहेर आलो तर रापण लागत होती. ओढायला हात दिला, वाट्याचे बांगडे मिळाले, आणि कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून थेट घरी गेलो, वरच्या रस्त्याने. अनवाणी. पावणेआठला आई बांगडे साफ करत होती तेव्हा फोन वाजला. काकूंनी साडेसातला, एक मिनिट इकडेतिकडे न करता, दोन्ही नंबर लावले होते. एक होडी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आली होती आणि पाच माणसं खडपांवर मला हाका मारत होती. रापणीवाल्यांतलंच कोणीतरी शेवटी म्हणालं, अरे तो तर बांगडे घेऊन गेला.

होडीचं डिझेल मी भरलं. पाचही जणांची माफी मागितली, त्यांनी बांगड्यांवरून यथेच्छ चेष्टा केली. काकू मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पायरीवर चपला काढताना आतून आवाज आला, "आज खंयच्या वाटेन येतलंस, ता आदी सांग."